रिस्ताखेज कोणाचे? पारशी धर्मविचारातील एका प्रश्नाचा आढावा

जगाच्या अखेरीस मेलेली माणसे देहासह पुन्हा उठतील, ही श्रद्धा जरथुश्त्री धर्मात फार जुनी आहे. पारशी परंपरेत या उठण्याला रिस्ताखेज म्हणतात, त्या वेळी मिळणाऱ्या देहाला तन-ए-पसीन आणि सारे जग निर्मळ होण्याला फ्रशोकेरेति किंवा फ्रशोगर्द. पश्चात्तापाच्या ‘पतेत पशेमानी’ या प्रार्थनेत रिस्ताखेज आणि तन-ए-पसीन यांविषयी मनात शंका नसल्याची कबुली आजही दिली जाते. पण उठणार कोण? सगळी माणसे, की केवळ सदाचारी? घोर पापी आणि परधर्मीय यांचे काय? आणि जीव पुन्हापुन्हा जन्म घेत असेल, तर शेवटी उठणारा देह कोणता? या प्रश्नांना गेल्या तीन हजार वर्षांत एकच उत्तर मिळालेले नाही. धर्मग्रंथांच्या थरांमध्ये उत्तर बदलत गेले आणि एकोणिसाव्या शतकापासून मुंबई, पुणे, सुरत, नवसारी येथे त्यावर उघड मतभेद झाले. हे मतभेद अजून मिटलेले नाहीत.

किनारा आणि पोथ्या

या चर्चेतले बरेच महत्त्वाचे टप्पे उत्तर कोकण आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर घडले. उत्तर कोकणातल्या एडवणहून किनाऱ्याने उत्तरेला केळवे-माहीम, तारापूर, डहाणू, घोलवड, बोर्डी ही गावे ओलांडली की गुजरातच्या हद्दीत संजाण लागते. इराणातून आलेल्या जरथुश्त्रींनी तिथे आपला पवित्र अग्नी स्थापला, असे ‘किस्सा-इ-संजाण’ हे १५९९च्या सुमारास रचलेले काव्य सांगते. संजाणच्या पाडावानंतर हा अग्नी बारा वर्षे बहारोटच्या डोंगरात लपवून ठेवला होता, असेही त्यात आहे. बहारोटची लेणी आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात येतात. पुढे वांसदा, नवसारी असा प्रवास करत तो अग्नी १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. तारापूर हेही पारशांचे जुने गाव आहे. तारापोर आणि तारापोरवाला ही आडनावे याच गावावरून आली.

किनाऱ्याचे दुसरे देणे पोथ्यांचे आहे. मेहेरबान कैखुस्रो या इराणी लेखकाने १३२२ मध्ये ठाण्याला बसून पहलवी ग्रंथांची एक मोठी पोथी नकलून काढली. धर्मोपदेशाची कितीतरी छोटी पुस्तके तिच्यामुळेच टिकली. ‘चीदग अंदर्ज ई पोर्योत्केशान’ हे त्यांपैकी एक. पंधरा वर्षे वय झालेल्या प्रत्येकाने मी कोण, कुठून आलो, कुठे जाणार, हे जाणले पाहिजे, अशी त्याची सुरुवात आहे आणि निःशंक मनाने मानायच्या गोष्टींत मृतांचे उठणे त्यात येते. एर्वद जे. सी. तारापोर यांनी १९३३ मध्ये ‘पहलवी अंदर्ज-नामक’ या पुस्तकात त्याचे भाषांतर दिले. ठाण्यात नक्कल आणि सहाशे वर्षांनी तारापूरचे नाव लावणाऱ्या अभ्यासकाकडून भाषांतर, हा या परंपरेच्या सातत्याचा बोलका पुरावा आहे.

गाथांपासून बुंदहिश्नपर्यंत

सर्वांत जुना थर गाथांचा. या सतरा सूक्तांचा कर्ता स्वतः जरथुश्त्र असल्याचे परंपरा मानते आणि बहुतेक अभ्यासकही. त्यांचा काळ मात्र वादात आहे. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून सहाव्या शतकापर्यंत वेगवेगळे अंदाज केले जातात. गाथांमध्ये मृत्यूनंतरचा निवाडा स्पष्ट आहे. चिन्वत पुलावर सज्जन आणि दुर्जन वेगळे होतात. सज्जनांना स्तुतिगीतांचे घर मिळते आणि दुर्जनांना असत्याचे. जगाला उत्कृष्ट अवस्थेला नेण्याची आकांक्षा आहे, वितळलेल्या धातूच्या कसोटीचा उल्लेखही आहे. मृतदेह उठण्याचे उघड वर्णन मात्र नाही. उलट यस्न ४६ मध्ये असत्याची साथ देणारे पुरोहित आणि सरदार सर्वकाळ असत्याच्या घरचे पाहुणे राहतील, असा निर्वाळा आहे. तो अक्षरशः घेतला, तर दुष्टांची सुटका कधीच नाही.

नंतरच्या अवेस्तात चित्र बदलते. झम्याद यश्तमध्ये काँसओय सरोवरातून येणारा अस्त्वत-एरेत हा सओश्यंत, म्हणजे तारणहार, जगाला जरामरणापासून मुक्त करील आणि मृत उठतील, असे थेट सांगितले आहे. मात्र कोणते मृत, हे तिथे म्हटलेले नाही. वेंदिदादच्या आठव्या प्रकरणात काही पापे करणारा माणूस जिवंतपणीच दैव, म्हणजे दैत्य, ठरतो आणि मेल्यावरही अदृश्य दैत्यच राहतो. अशा जिवाला मानवी देह पुन्हा मिळेल का, ही शंका या उताऱ्यातून उभी राहते. फ्रवर्दीन यश्त दुसऱ्या टोकाला आहे. त्यात आर्य, तूर्य, सरिम, सायनि आणि दाही या पाच देशांतल्या सदाचारी स्त्री-पुरुषांच्या फ्रवशींना, म्हणजे त्यांच्या दिव्य आत्मरूपांना, वंदन आहे. सदाचाराची हद्द इराणच्या सीमेवर थांबत नाही, असे मानणाऱ्यांचा हा आवडता आधार आहे आणि तो भक्कम आहे.

इराणातली ही कल्पना ग्रीकांपर्यंतही पोहोचली होती. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या थिओपोम्पसच्या हवाल्याने नंतरच्या लेखकांनी नोंदवले आहे की मगांच्या मते माणसे पुन्हा जिवंत होतील आणि अमर होतील. म्हणजे निदान अखमनी राजवटीच्या अखेरीस ही शिकवण बाहेरच्यांना ठाऊक होती.

सविस्तर मांडणी मिळते ती नवव्या शतकात शेवटचा हात फिरलेल्या बुंदहिश्न या पहलवी ग्रंथात. पारशांची परंपरागत समजूत मुख्यतः यावरच घडली, म्हणून त्याकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे. जरथुश्त्र विचारतो, वाऱ्याने नेलेला आणि पाण्याने वाहून गेलेला देह पुन्हा कसा घडेल? अहुर मज्द सांगतो की खांबांवाचून आकाश उभारणे, दाण्यातून पीक उगवणे, आईच्या पोटात मूल घडवणे, हे सारे नव्याने केले, मग जे एकदा होते ते पुन्हा घडवणे त्याहून सोपेच. पृथ्वीकडून हाडे, पाण्याकडून रक्त, वनस्पतींकडून केस आणि अग्नीकडून प्राण परत मागून घेतले जातील. सर्वांत आधी आदिमानव गयोमर्द उठेल, मग मश्ये आणि मश्यानी हे पहिले जोडपे, मग उरलेली माणसे. याला सत्तावन्न वर्षे लागतील. सज्जन आणि दुर्जन दोघेही उठतील, ज्याचे जिथे प्राण गेले तिथेच.

पुढे मोठी सभा भरेल आणि काळ्या मेंढ्यांत पांढरी मेंढी जशी ओळखू येते तसे प्रत्येकाचे कर्म उघडे पडेल. दुर्जनांना तीन दिवस देहासह नरक भोगावा लागेल. जोहाक आणि अफ्रासियाब यांच्यासारख्या महापाप्यांना इतर कोणालाही नसलेली तीन रात्रींची खास शिक्षा आहे. त्यानंतर वितळलेल्या धातूची नदी वाहील. सज्जनांना ती कोमट दुधासारखी वाटेल, दुर्जनांना धातूसारखीच, पण तिच्यातून गेल्यावर सगळेच शुद्ध होतील. मोठी माणसे चाळिशीच्या देहाची होतील, मुले पंधरा वर्षांची. अमरत्वाचे पेय सर्वांना मिळेल आणि अहरिमन या दुष्ट शक्तीची सत्ता संपेल.

गाथांत दुर्जनांचे ‘सर्वकाळ’ होते. बुंदहिश्नमध्ये त्याचे तीन दिवस झाले. ‘कोण उठणार’ या प्रश्नाच्या इतिहासात याहून मोठा बदल दुसरा झालेला नाही. नरक हे सुधारणेचे ठिकाण आहे, कायमचा कोंडवाडा नाही, ही जरथुश्त्री धर्माची ओळख याच ग्रंथाने पक्की केली. आता हा बदल नवा विचार होता की गाथांतच दडलेल्या विचाराचा विस्तार, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मेरी बॉइस यांनी देहासह उठण्याची शिकवण स्वतः जरथुश्त्राचीच मानली आणि नंतरच्या ग्रंथांनी ती जपली, असे मांडले. झ्याँ केलेन यांच्यासारखे अभ्यासक गाथांकडे मुख्यतः यज्ञविधीची सूक्ते म्हणून पाहतात आणि इतकी तपशीलवार शिकवण त्यांत वाचायला तयार नाहीत. बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथातही मातीत झोपलेल्यांपैकी ‘पुष्कळ’ जागे होतील असे आहे, सगळे नव्हे. त्यामुळे यहुदी आणि पुढे ख्रिस्ती, इस्लामी विचारांवर इराणचा प्रभाव किती, या चर्चेतही ‘सगळे की काही’ हा मुद्दा पुन्हा येतो.

मुंबईतले वाद

भारतातल्या पारशांनी पंधराव्या शतकापासून इराणातल्या दस्तुरांना, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंना, प्रश्न विचारून उत्तरे मागवली. त्या पत्रव्यवहाराला रिवायती म्हणतात. पहिली १४७८ मध्ये नरिमान होशंग यांनी आणली. त्यांत शुद्धाशुद्ध, अंत्यविधी, पंचांग यांवर भर आहे. रिस्ताखेजवर वाद घालायची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही, कारण ते गृहीतच होते.

पुनर्जन्माची कल्पना पारशी साहित्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या थिऑसॉफीने आणली, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ती आधीच आली होती. सोळाव्या-सतराव्या शतकात इराणातून भारतात आलेल्या आझर कैवान यांच्या संप्रदायात जिवाच्या फेऱ्यांची शिकवण होती. या संप्रदायाचे ‘दसातीर’ हे पुस्तक मुल्ला फिरोज यांनी १८१८ मध्ये मुंबईत छापले. काही काळ ते प्राचीन इराणी धर्मग्रंथ म्हणून वाचले गेले. पुढे ते बरेच नंतरचे, त्या संप्रदायातले असल्याचे सिद्ध झाले, तरी त्यातला जन्मफेऱ्यांचा विचार तोवर वाचकांपर्यंत पोहोचला होता.

खरी खळबळ मिशनऱ्यांमुळे झाली. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८४३ मध्ये रेव्हरंड जॉन विल्सन यांचे ‘द पारसी रिलिजन’ हे पुस्तक आले. जरथुश्त्री ग्रंथांतले द्वैत आणि सृष्टीची वर्णने यांवर त्यात कडक टीका होती. पारशी विद्वानांनी उत्तरे दिली. ती देताना बुंदहिश्नला प्रमाण मानायचे की नाही, हा प्रश्न उघड्यावर आला. रिस्ताखेजचा तपशील मुख्यतः याच ग्रंथात असल्यामुळे प्रमाणग्रंथाचा वाद हा ‘कोण उठणार’ या प्रश्नाचाही वाद झाला.

१८५९ ते १८६६ या काळात पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक असलेले मार्टिन हौग यांनी गाथा जरथुश्त्राच्या आणि बाकी अवेस्ता नंतरचे, ही विभागणी पक्की केली. १८६२चे त्यांचे निबंध पारशी सुधारकांनी मनापासून उचलले. हौग स्वतः मृतांचे उठणे ही अस्सल जरथुश्त्री शिकवण मानत, ती उसनी नाही असे त्यांचे मत होते. पण त्यांच्या विभागणीतून काहींनी वेगळा निष्कर्ष काढला. गाथाच प्रमाण धरल्या, तर देहासह उठण्याचे वर्णन बाजूला ठेवता येते. खरशेदजी रुस्तमजी कामा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भाषाशास्त्राच्या पद्धतीने मूळ ग्रंथ वाचण्याची वाट घालून दिली. परंपरावादी बाजूही गप्प नव्हती. नवसारीचे दस्तूर एरचजी सोराबजी मेहेरजीराणा यांनी १८६९ मध्ये प्रश्नोत्तररूपाने ‘रहबर-ए-दीन-ए-जरथुश्ती’ लिहिले. मृत्यूनंतरचे विधी आणि परलोक यांची परंपरागत समजूत त्यात शांतपणे सांगितली आहे.

विसाव्या शतकातल्या तीन वाटा

पहिली वाट परंपरेची. मृतांचे उठणे एकदाच, सर्वांचे आणि देहासह, हे तिचे सार. तिच्या बाजूने दिली जाणारी कारणे सोपी आहेत. पतेतमध्ये त्याची कबुली आहे, पहलवी ग्रंथांत विस्तार आहे, मुक्तादाच्या, म्हणजे पितरांच्या स्मरणाच्या, दिवसांत पूर्वजांच्या फ्रवशींना बोलावले जाते आणि मृत्यूनंतर चौथ्या दिवशी रवान, म्हणजे आत्मा, चिन्वत पुलावर पोहोचतो, असे धरूनच विधी होतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दस्तूर फिरोज कोटवाल यांनी रहबरच्या इंग्रजी आवृत्तीवर भाष्य केले. खोजेस्ते मिस्त्री यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ‘झोरोआस्ट्रियन स्टडीज’ या संस्थेच्या वर्गांतून याच शिकवणीला नव्या पिढीसमोर ठेवले आणि पुनर्जन्माचा विचार मूळ ग्रंथांत नाही, असे ठामपणे मांडले.

दुसरी वाट सुधारकांची. कराचीचे दस्तूर माणेकजी नुसरवानजी धल्ला यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकून ‘झोरोआस्ट्रियन थिऑलॉजी’ (१९१४) लिहिली. तिच्यात प्रत्येक काळाची शिकवण वेगळी मांडली आहे. त्यांच्या १९३०च्या ‘अवर परफेक्टिंग वर्ल्ड’मध्ये फ्रशोकेरेतीचा भर माणसाच्या प्रयत्नाने जग हळूहळू सुधारण्यावर आहे. या दृष्टीत कोण उठणार यापेक्षा जग कोण घडवणार, हा प्रश्न पुढे येतो. पुनर्जन्म मात्र धल्लांनाही मान्य नव्हता.

तिसरी वाट पुनर्जन्माची. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईत आले. १८८२ मध्ये कर्नल ऑल्कॉट यांनी टाउन हॉलमध्ये जरथुश्त्री धर्माच्या गूढ अर्थावर व्याख्यान दिले आणि अनेक सुशिक्षित पारशी तिकडे ओढले गेले. पाश्चात्त्य अभ्यासकांनी निरर्थक ठरवलेले विधी त्यांना पुन्हा अर्थपूर्ण वाटू लागले, हे या आकर्षणाचे मोठे कारण होते. दस्तूर खुरशेद दाबू यांच्यासारखे वडील धर्मगुरूही थिऑसॉफीचे अनुयायी होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेचे संचालक राहिलेल्या इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला यांच्या लेखनावरही तिची छाया आहे. जन्मतःच दिसणारी विषमता कर्माशिवाय उलगडत नाही, हा या मंडळींचा मुख्य युक्तिवाद.

याच सुमारास इल्म-ए-क्ष्नूम पुढे आले. सुरतचे बेहरामशाह नवरोजी श्रॉफ (१८५८–१९२७) तरुणपणी इराणला गेले. दमावंद पर्वतातल्या गुप्त जरथुश्त्री साधकांकडून आपल्याला ही विद्या मिळाली, असे त्यांनी सांगितले. परतल्यावर त्यांनी पुष्कळ वर्षे मौन पाळले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिकवायला सुरुवात केली. फिरोज मसानी, जहांगीरजी आणि फ्रामरोज चिनीवाला यांनी ती शिकवण पुढे नेली. तिच्यानुसार जीव अनेक जन्मांतून चढत जातो, वेगवेगळे धर्म या चढणीच्या पायऱ्या आहेत आणि जरथुश्त्री म्हणून जन्मलेला जीव वरच्या पायरीवरचा आहे. रिस्ताखेज नाकारले जात नाही, पण जिवाच्या विखुरलेल्या अंशांचे एकत्र येणे असा त्याचा सूक्ष्म अर्थ लावला जातो. साऱ्यांचा उद्धार इथेही आहे, फक्त प्रत्येकाची वेळ वेगळी. मूळ ग्रंथांत आधार नाही, या आक्षेपाला क्ष्नूमचे उत्तर असे की उपलब्ध अवेस्ता हा मूळ साहित्याचा लहानसा अवशेष आहे आणि त्याचा खोल अर्थ गुरुपरंपरेनेच कळतो. या उत्तराचा पहिला भाग सर्वमान्य आहे. दुसरा मान्य करायचा की नाही, हे श्रद्धेवर अवलंबून राहते, कारण शब्दार्थाने तो तपासता येत नाही.

न सुटलेले प्रश्न

परधर्मीयांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. बुंदहिश्नमध्ये सगळी माणसे उठतात, जुद्दीन, म्हणजे परधर्मीय, वगळलेले नाहीत. तरीही जिवंतपणी समाजाच्या विधींत कोणाला जागा द्यायची, यावर कठोर मते आहेत. पेटिट विरुद्ध जीजीभॉय या १९०८ साली निकाल लागलेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने पारशी समाज आणि धर्मांतर यांविषयी मतप्रदर्शन केले. बलसाडच्या अंजुमनशी, म्हणजे तिथल्या पारशी समाजसंस्थेशी, संबंधित गुलरुख गुप्ता यांच्या प्रकरणात तर परधर्मीयाशी लग्न केलेल्या पारशी स्त्रीने आईवडिलांच्या अंत्यविधीला हजर राहावे का, हाच मुद्दा होता. शेवटी सर्वजण एकाच धातूच्या नदीतून जाणार असतील, तर विधींतली आजची सीमा कशावर उभी आहे? परंपरावादी ती शुद्धतेच्या नियमांवर आणि समाजाच्या टिकावावर उभी करतात. २०११च्या जनगणनेत भारतात पारशी ५७,२६४ होते, २००१ मध्ये ६९,६०१. या आकड्यांसमोर टिकावाची काळजी पोकळ म्हणता येत नाही.

देहाच्या विल्हेवाटीचा प्रश्न १९९०नंतर तातडीचा झाला. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली आणि दोखमेनशीनी, म्हणजे दोखम्यात मृतदेह गिधाडांसाठी उघडा ठेवण्याची पद्धत, अडचणीत आली. २०१५ मध्ये मुंबईत वरळीला दहनाचा पर्याय निवडणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. दहनामुळे उठण्यात अडथळा येतो का? बुंदहिश्नचे उत्तर वाचले तर येत नाही, कारण देहाचे अंश सृष्टीकडून परत मागवले जाणार आहेत. दोखम्याचा आग्रह अग्नी, पाणी आणि माती अपवित्र होऊ नये यासाठी आहे, असे परंपरा सांगते. क्ष्नूमच्या दृष्टीने मात्र दोखम्यातले विधी आणि सूर्यकिरण जिवाच्या पुढच्या प्रवासासाठीच आवश्यक आहेत, त्यामुळे तिथे हा पर्याय मान्य होणे कठीण आहे.

वेंदिदादने दैत्य ठरवलेल्या पाप्यांचे काय, याचाही निर्णय झालेला नाही. महापाप्यांची शिक्षा वेगळी पण शेवटी संपणारी, हे बुंदहिश्नचे मत बहुतेक धर्मगुरू पुढे करतात. गाथांना एकमेव प्रमाण मानणाऱ्यांपुढे मात्र यस्न ४६ मधले ‘सर्वकाळ’ उभेच राहते. ते दुष्टाला दिलेली कठोर ताकीद मानायचे की अंतिम निवाडा, हे ठरवायला गाथांची सूक्ष्म आणि ठिकठिकाणी दुर्बोध भाषा पुरेशी मदत करत नाही.

हे वाद मिटवील अशी एकच मध्यवर्ती संस्था पारशांत नाही. भारतातल्या आठ आतश बेहरामांचे, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिरांचे, दस्तूर आपापल्या परंपरेनुसार मार्गदर्शन करतात. पंचायती मालमत्ता, अंत्यविधींची सोय आणि समाजकारण पाहतात, सिद्धांत ठरवत नाहीत. त्यामुळे एकाच घरात पुनर्जन्म मानणारी आजी, देहासह उठण्यावर श्रद्धा असलेला नातू आणि दोन्हींकडे रूपक म्हणून पाहणारी सून असू शकते. तिघे मुक्तादात एकाच अग्यारीत जातात, आणि तिथे मोबेद (धर्मगुरू) म्हणत असलेल्या प्रार्थना तिघांसाठी त्याच असतात.